दास्यविमोचक विल्यम लॉइड गॅरिसन

1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण करून. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जी निरपेक्ष बुद्धी व जो स्वार्थत्याग दाखविला, त्याचा गौरव त्या अर्पणपत्रिकेत केलेला आहे. परंतु हे सदाचारी जन कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि ते करीत असता आपापसांत किती भांडले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्यातील अग्रणी म्हणजे विल्यम लॉइड गॅरिसन. 'गुलामगिरी' छापले गेले तेव्हा ते हयात होते. चळवळीने एकाच अन्यायाशी झुंज घ्यावी, की वाटेत आढळेल त्या प्रत्येक अन्यायावर हात उगारावा, या प्रश्नाने त्यांच्याइतके क्वचितच कोणाला छळले असेल. त्यांचे चरित्र येथे देण्याचा हेतू हाच आहे.

गॅरिसन यांचा जन्म डिसेंबर 1805 मध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांतातील न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी झाला. वडील खलाशी होते. मूल तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास ते घर सोडून गेले आणि पुन्हा परतले नाहीत. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. घरात अठराविश्वे दारिद्र्य. लहानग्या विल्यमला काकवीच्या वड्या विकून व लोकांच्या दारी लाकडे पोचवून चार पैसे मिळवावे लागत. जोडे शिवण्याचे काम शिकावयास घातले, ते झेपले नाही. सुतारकामास लावले, तेथून तो पळून आला. अखेर 1818 साली गावच्या वृत्तपत्राच्या छापखान्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर त्याला ठेवण्यात आले, आणि तेथे मात्र त्याचा हात बसला. शाळा फारशी पाहिली नाही. जे काही शिकला ते खिळे जुळविता जुळविता. पुढे पुढे तर आपला मजकूर आधी कागदावर न उतरविता तो एकदम खिळ्यांतच जुळवीत असे.

बेंजामिन लंडी नावाच्या एका क्वेकरपंथी सज्जनाची 1828 साली गाठ पडली आणि गॅरिसन यांच्या आयुष्याला दिशा लागली. लंडी यांचे पत्र बाल्टिमोर येथून निघत असे. त्यात गॅरिसन यांनी आपल्याच गावच्या एका व्यापाऱ्यावर, त्याच्या जहाजातून गुलामांची वाहतूक होते म्हणून, जळजळीत मजकूर लिहिला. अब्रुनुकसानीचा खटला होऊन 50 डॉलर व खर्च असा दंड झाला. तो भरण्याची ऐपत कोठली? 1830 साली 49 दिवस तुरुंगात काढल्यावर न्यूयॉर्कचे धनिक व्यापारी आर्थर टॅपन यांनी दंड भरून त्यांना सोडविले. या टॅपन यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

1 जानेवारी 1831 रोजी बोस्टन येथे 'लिबरेटर' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्या वेळी त्या देशात सुमारे 20 लक्ष माणसे गुलामीत होती. सर्व गुलामांची तत्काळ व बिनशर्त मुक्तता, ही एकच मागणी. मालकांना मोबदला नको, मुक्त झालेल्यांना आफ्रिकेत धाडून देण्याची युक्तीही नको. पत्राचा खप कधीही तीन हजारांच्या फारसा वर गेला नाही, आणि आरंभीच्या वर्गणीदारांत बहुसंख्य स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबे होती. गोऱ्या समाजाने पाठ फिरविली असता हे पत्र जगले ते मजूर, न्हावी व खलाशी यांच्या पैशांवर. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया प्रांताच्या विधिमंडळाने गॅरिसन यांना पकडून दोषी ठरवून देणारास 5,000 डॉलरांचे बक्षीस लावले. अंकाच्या खपावरून त्याचे वजन ठरत नाही, हे त्या विधिमंडळाला बरोबर कळले होते.

डिसेंबर 1833 मध्ये फिलाडेल्फिया येथे 'अमेरिकन दास्यविरोधी संस्था' स्थापन झाली. तिचे घोषणापत्र गॅरिसन यांनी लिहिले व अध्यक्षपद टॅपन यांच्याकडे आले. 21 ऑक्टोबर 1835 रोजी बोस्टनमधील स्त्रियांच्या दास्यविरोधी संस्थेच्या सभेवर जमाव चालून आला आणि गॅरिसन यांना दोरखंडाने बांधून रस्त्यातून ओढीत नेण्यात आले. नगराध्यक्षांनी जीव वाचविण्यासाठी त्यांना रात्रभर तुरुंगात ठेवले. अशा छळाचा परिणाम उलटाच झाला. 1838 च्या सुमारास संस्थेच्या 1,350 शाखा व अडीच लक्ष सभासद असल्याचे सांगण्यात येत असे. सात वर्षांपूर्वी एका खोलीत खिळे जुळवीत बसलेल्या माणसाने हे पाहिले. येथेच थांबून सरळ रेषेत काम चालविले असते तर, असे पुढे त्यांच्या मित्रांना वारंवार वाटले.

पण गॅरिसन यांचा स्वभाव सरळ रेषेचा नव्हता. एका माणसाने दुसऱ्यावर बळाने सत्ता गाजवू नये, हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ते गुलामाच्या झोपडीशीच का थांबवावे, असा त्यांचा तर्क होता. 1836 साली त्यांनी रविवार सक्तीने पाळण्याच्या रूढीवर टीका केली आणि भाविक मंडळी दुखावली. सप्टेंबर 1838 मध्ये त्यांनी अप्रतिकाराचे तत्त्व मानणारी निराळी संस्था काढली. जे सरकार तलवारीच्या जोरावर चालते त्यात अधिकारपद घ्यावयाचे नाही, त्यास मतही द्यावयाचे नाही, असे तिचे व्रत होते. दास्यविमोचनाला सभासद झालेल्या साध्या शेतकऱ्याला आता प्रश्न पडू लागला की, आपण गुलामांना सोडवावयास आलो, की सरकार आणि देऊळ दोन्ही मोडावयास?

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती पहिल्याहून अगदी निराळ्या जातीची होती. दक्षिणेतील गुलाममालकाच्या घरी जन्मलेल्या ग्रिम्के भगिनी, सारा व अँजेलिना, 1837 साली मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगाव व्याख्याने देत फिरू लागल्या. स्त्रियांसमोर बोलता बोलता पुरुषही ऐकावयास येऊ लागले. त्याबरोबर त्या प्रांतातील धर्मोपदेशकांच्या मंडळाने पत्रक काढून, स्त्रियांनी चारचौघांत व्याख्याने देणे हे स्त्रीधर्माविरुद्ध आहे असे बजावले, आणि अनेक प्रार्थनामंदिरांची दारे या व्याख्यानांना बंद झाली. गॅरिसन यांनी स्त्रियांची बाजू घेतली. पाठोपाठ काही उपदेशकांनी खुद्द गॅरिसन यांच्याविरुद्ध आवाहन प्रसिद्ध केले.

येथे एक बारकावा पाहावयास हवा. काँग्रेसकडे गुलामीविरुद्ध जे अर्ज जात होते, त्यांवरील लक्षावधी सह्या गोळा करण्याचे काम मुख्यत्वे स्त्रियांनी केले होते. त्यांच्या अर्जांना कंटाळून 1836 साली प्रतिनिधिगृहाने असे अर्ज विचारातच घ्यावयाचे नाहीत असा नियम केला, तो 1844 पर्यंत टिकला. म्हणजे स्त्रियांचा प्रश्न गॅरिसन यांनी बाहेरून आणून चळवळीच्या माथी मारला नव्हता. ज्या हातांनी दारोदार फिरून सह्या मिळविल्या त्या हातांना सभेत मत आहे की नाही, हा प्रश्न चळवळीच्या पोटातूनच उपजला होता. रविवार आणि सरकार यांचे तसे नव्हते. ते प्रश्न गॅरिसन यांच्या मनातले होते, आणि ते संस्थेच्या पत्राखेरीज अन्यत्र मांडता आले असते. दोन्हींची गल्लत त्यांच्या विरोधकांनी केली, हे खरे. पण 'लिबरेटर'च्या एकाच पानावर दोन्ही छापून स्वतः गॅरिसन यांनीच ती गल्लत सोपी केली, असे मला वाटते.

मे 1840 मध्ये न्यूयॉर्क येथे वार्षिक सभा भरली. अ‍ॅबी केली या तरुण स्त्रीची कार्यसमितीवर नेमणूक करावी काय, एवढाच मुद्दा होता. गॅरिसन यांच्या पक्षाने खास आगबोट भाड्याने घेऊन आपले शेकडो प्रतिनिधी सभेला आणले होते. वार्षिक सभेत आपली माणसे भरण्याची विद्या काही आपणच शोधून काढलेली नाही! 557 विरुद्ध 451 मतांनी नेमणूक मंजूर झाली. त्याच क्षणी संस्था दुभंगली. अल्पमतवाले उठून गेले आणि त्यांनी निराळी संस्था काढली; तिचे अध्यक्षपद आर्थर टॅपन यांनीच स्वीकारले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी दंड भरून तुरुंगाचे दार उघडले, तेच आता समोरच्या बाजूस उभे होते.

पुढील महिन्यात लंडन येथे जागतिक दास्यविरोधी परिषद भरली. तेथे अमेरिकेतून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभेत स्थान नाकारण्यात आले. उशिरा पोचलेले गॅरिसन प्रतिनिधींच्या जागी न बसता वर सज्जात जाऊन प्रेक्षकांत बसले. त्याच परिषदेत ल्युक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची ओळख झाली, आणि आठ वर्षांनी, 1848 साली, सेनेका फॉल्स येथील स्त्रीहक्क परिषद त्या ओळखीतून उभी राहिली.

फुटीने हानी झाली ती खरी. पैसेवाले गेले, उपदेशक गेले, अनेक शाखा मोडल्या. मात्र सर्व दोष लक्ष्य विस्तारण्याला देता येत नाही. 1837 साली अमेरिकेत व्यापाराची मोठी मंदी आली, तीत टॅपन बंधूंची रेशमाची पेढी बुडाली आणि चळवळीचा मुख्य आश्रय तेव्हाच आटला होता. उलट फुटीनंतर जी संस्था उरली, तिच्या कार्यकारिणीवर तीन स्त्रिया आल्या. तिचे न्यूयॉर्कचे पत्र लिडिया मारिया चाइल्ड यांनी संपादिले. आणि बोस्टनमध्ये मारिया वेस्टन चॅपमन यांच्या पुढाकाराने दरवर्षी भरणाऱ्या विक्रीच्या जत्रेने तिचा खर्च पुष्कळ अंशी चालविला.

मग एकच लक्ष्य धरून बसलेल्यांचे काय झाले? टॅपन यांची संस्था कधीच मोठी झाली नाही. त्या बाजूच्या काहींनी लिबर्टी पक्ष काढला. 1840 च्या निवडणुकीत सुमारे 24 लक्ष मतांपैकी त्यास सुमारे 7,000 मते पडली, 1844 साली 62,000. 1848 साली गुलामी नष्ट करण्याचा आग्रह सोडून, ती नव्या प्रदेशांत पसरू नये एवढेच मागणारा फ्री सॉइल पक्ष निघाला, तेव्हा मते एकदम 2 लक्ष 90 हजारांवर गेली. मागणी लहान केली की लोक येतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? मात्र त्या लहान मागणीने दक्षिणेतील एकही गुलाम सुटणार नव्हता, हेही तितकेच स्पष्ट आहे.

गॅरिसन यांनी मागणी लहान केली नाही, उलट वाढविली. राज्यघटनाच गुलामीला आधार देते, म्हणून दक्षिणेशी असलेले संघराज्यच मोडावे, असे त्यांनी 1842 पासून प्रतिपादन केले. 4 जुलै 1854 रोजी, स्वातंत्र्यदिनी, फ्रेमिंगहॅम येथील सभेत त्यांनी राज्यघटनेची प्रत जाळली. याच मुद्द्यावर त्यांचा सर्वांत तेजस्वी सहकारी दुरावला. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून निसटून आलेले. 1841 साली नॅन्टकेट येथे त्यांना गॅरिसन यांनीच व्यासपीठावर पुढे आणले. 1851 साली डग्लस यांनी राज्यघटनेचा अर्थ गुलामीच्या विरुद्ध लावता येतो, असे जाहीर केले. भांडण व्यक्तिगत निंदेपर्यंत गेले. त्यात गॅरिसन यांनी दाखविलेला कडवटपणा त्यांच्या कीर्तीस शोभत नाही.

यादवी युद्ध आले, आणि आयुष्यभर मतदान न करण्याचे व्रत सांगणारा हा पुरुष 1864 साली लिंकन यांच्या पुनर्निवडणुकीचा पुरस्कर्ता झाला. डिसेंबर 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने सुमारे 40 लक्ष माणसांचे दास्य कायद्याने संपले. त्याआधीच, मे महिन्यात, गॅरिसन यांनी संस्थेचे कार्य संपले असून ती विसर्जित करावी, असा ठराव मांडला होता. ज्याने लक्ष्य सतत विस्तारले तोच आता ते आखडून घेत होता! डग्लस यांनी विरोध केला. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाल्यावाचून काम पुरे झाले असे कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. ठराव 118 विरुद्ध 48 मतांनी पडला. वेंडेल फिलिप्स अध्यक्ष झाले आणि संस्था 1870 पर्यंत चालली. 29 डिसेंबर 1865 रोजी 'लिबरेटर'चा 1,820 वा आणि अखेरचा अंक निघाला. पस्तीस वर्षांत एकही आठवडा चुकला नव्हता.

या प्रकरणातील खरी व्यथा यापुढेच आहे. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा, तो स्त्रियांच्या मताधिकाराशी जोडला तर दोन्ही बुडतील, म्हणून स्त्रियांनी थांबावे, असे फिलिप्स यांनी ठरविले, आणि गॅरिसन यांचीही संमती त्याच मार्गाला होती. 1840 साली ज्यांच्यासाठी संस्था फुटू दिली, त्यांनाच आता एक वेळी एकच मागणी, हा उपदेश ऐकावा लागला. स्टँटन यांनी तो मानला नाही आणि 1869 साली स्त्रियांची चळवळही दुभंगली. अ‍ॅबी केली यांनी मात्र तो मानला. 1874 साली, मत नाही तर कर नाही, या हट्टापायी वूस्टर येथील त्यांचे व त्यांच्या पतीचे शेत लिलावात निघाले.

उतारवयात गॅरिसन स्त्रीमताधिकाराच्या पत्रात लिहीत राहिले. 1876 साली पत्नी हेलन वारली. तिच्यामागे त्यांची प्रकृतीही ढासळली. 1879 च्या आरंभी चिनी मजुरांच्या आगमनावर बंधन घालण्याचा कायदा अमेरिकेत पुढे आला, तेव्हा त्याला अनुकूल असलेल्या त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रांत पत्र लिहिले. 24 मे 1879 रोजी न्यूयॉर्क येथे मुलीच्या घरी त्यांचे देहावसान झाले. बोस्टनच्या फॉरेस्ट हिल्स दफनभूमीत ते विसावले आहेत. अमेरिकेतील स्त्रियांना मताचा हक्क 1920 साली मिळाला.