आवाज गेला, गाणं उरलं

कोल्हापूर म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर तांबडा-पांढरा, तालीम आणि चप्पल याच्यापुढे गाडी सरकत नाही. पण या गावच्या दरबारात एक असा गवई होऊन गेला, की मला तो आपल्यातलाच, म्हणजे पक्का इंजिनिअर वाटतो. उस्ताद अल्लादिया खाँ.

जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणं मूळचं अत्रौलीचं, घरात धृपदाची परंपरा. चुलते जहांगीर खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं तालीम झाली. आणि ऐन उमेदीत, एका संस्थानिकाकडे अतोनात गावं लागल्यामुळे आवाजच बसला! गवयाचा आवाज जाणं म्हणजे पैलवानाचा गुडघा जाणं. काही काळाने आवाज सुटला खरा, पण पूर्वीची गोडी त्यात उरली नव्हती.

दुसरा कोणी असता तर तंबोरा खुंटीला टांगला असता. खाँसाहेबांनी, जाणकार सांगतात त्याप्रमाणे, उरलेल्या आवाजाला पेलेल असं गाणंच नव्याने बांधलं. ख्यालात स्थायी, अंतरा, आलाप, बोल, ताना असे भाग असतात. जयपूर-अत्रौली गायकीत हे भाग सुटे पडत नाहीत. लय फार संथ नसते. प्रत्येक स्वर मात्रेचं बोट धरून पुढे सरकतो, आलापातूनच तान फुटते, वळणं घेत चढते-उतरते आणि बरोब्बर समेवर येते. ट्रसमधला एक मेंबर काढून बघा, तसंच हे. सगळा भार नुसत्या गोडव्यावर न टाकता त्यांनी तो लयीवर आणि रचनेवर वाटून दिला.

१८९४ ला गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक केलं. १९२२ ला महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. मागे राहिले ते शिष्य. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, आणि या दोघांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर.

माझ्या रूमवर रात्री एकनंतर केसरबाई लागतात. पार्टनर वैतागून हेडफोन लाव म्हणतो. त्याला मी एवढंच सांगतो, बाबा रे, १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात याच बाईंची भैरवी आहे. त्यातलं व्हॉयेजर-१ तर २०१२ मध्येच ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलंय.

ज्याचा आवाज बसला, त्याची तालीम इतक्या लांब गेली. तेव्हा दोस्तहो, केटी लागली म्हणून बॅग भरायच्या आधी एकदा केसरबाईंना ऐका. हातात काय उरलंय ते बघा आणि डिझाईन बदला!