जिजाईची म्हैस आणि पेणचे दामले

पेणचे नाव काढले की शाडूचे गणपती डोळ्यांपुढे येतात. याच पेणमध्ये १८९२ साली विष्णुपंत दामले जन्मले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला हा मुलगा पुढे कोल्हापूरला गेला आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगवू लागला. बाबूरावांनी खटपट करून देशी कॅमेरा तयार केला, तेव्हा मदतीला दामले होते. १९२९ साली शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी 'प्रभात' काढली. बोलपट आला आणि ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांकडे आली.

म्हणजे माणूस पडद्यामागचा. पण १९३६ साली त्यांनी साहेबमामा फत्तेलालांच्या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि मराठी चित्रपटाला एक वेगळीच वाट सापडली.

दोनच वर्षांपूर्वी 'प्रभात'च्याच 'अमृतमंथन'मध्ये शांतारामांनी जर्मन चित्रपटांच्या वळणाचा छायाप्रकाश आणि पडदाभर मोठा केलेला डोळा दाखवून प्रेक्षकांना थक्क केले होते. ते यश घरातच असताना साधेपणाकडे वळायला धाडस लागते. दामले-फत्तेलालांचा कॅमेरा देहूच्या संसारात शिरला. तिथे जिजाई म्हशीचे करते, भाकरीच्या काळजीत असते, मूल आजारी पडले की पायातली वहाण घेऊन थेट विठोबावर धावते. ही भूमिका गौरी या तोवर किरकोळ कामे करणाऱ्या नटीला मिळाली. पागनीसांचा तुकाराम गातो तेव्हा आपण तल्लीन होतो खरे, पण चित्रपटाचे पाय जमिनीवर राहतात ते जिजाईमुळे. चमत्कार तर यातही आहेत, थेट वैकुंठाचे विमानही आहे. पण चुलीचा धूर आधी खरा वाटलेला असतो, म्हणून ते विमानही खपते! इटलीतल्या नववास्तववादाचा बोलबाला व्हायला अजून दहा वर्षे होती.

१९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. पुढे याच जोडीने 'गोपाळकृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर' केले. शांताराम १९४२ साली 'प्रभात'मधून बाहेर पडले, आणि १९४५ च्या जुलैत दामले गेले. पुण्यातल्या त्याच स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.