लिस हार्टेल

लिस हार्टेल (जन्म : १४ मार्च १९२१, हेलेरूप, मृत्यू : १२ फेब्रुवारी २००९) या डॅनिश अश्वारोहक होत्या. पोलिओमुळे गुडघ्यांखालील पाय कायमचे लुळे पडले असतानाही त्यांनी १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिक स्पर्धांत ड्रेसाज या क्रीडाप्रकारात रौप्यपदके मिळवली. घोडेस्वारीचा उपयोग अपंग व्यक्तींच्या उपचारासाठी करण्याच्या चळवळीस त्यांच्या उदाहरणाने मोठी चालना दिली.

पूर्वायुष्य

त्यांचे माहेरचे आडनाव होल्स्ट. घोडेस्वारीची आवड त्यांना लहानपणापासून होती. १९४३ व १९४४ मध्ये त्यांनी डेन्मार्कचे ड्रेसाजमधील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यांचे पती फिन हार्टेल हेही अश्वारोहक होते.

आजार आणि पुनरागमन

सप्टेंबर १९४४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. त्या वेळी त्या दुसऱ्यांदा गर्भवती होत्या. जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले; तरी पुढे त्यांनी निरोगी कन्येस जन्म दिला. कुबड्यांच्या आधाराने चालता आले तरी पुरे, अशीच तेव्हा अपेक्षा होती. हार्टेल यांनी मात्र घरच्यांच्या मदतीने एकेका अवयवाची हालचाल नव्याने शिकण्यास प्रारंभ केला. आधी हात उचलणे, मग रांगणे, मग कुबड्यांवर चालणे असा हा क्रम होता. गुडघ्यांखालील शक्ती परत आली नाही. हातांतही अशक्तपणा राहिला.

घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागे. ड्रेसाजमध्ये स्वार एरवी पायांच्या दाबाने घोड्यास सूचना देतो. ते शक्य नसल्याने त्यांनी मांड, पाठीचा तोल आणि शरीराचा भार यांच्या सूक्ष्म बदलांतून सूचना देण्याची पद्धत अवलंबिली. ज्युबिली नावाच्या घोडीने ही भाषा आत्मसात केली. १९४७ मध्ये स्कँडिनेव्हियन स्पर्धेत हार्टेल यांनी दुसरा क्रमांक पटकावला.

ऑलिंपिक

ऑलिंपिकमधील ड्रेसाज पूर्वी केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखीव होते. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेत ते प्रथमच स्त्रिया व सामान्य नागरिक यांना खुले झाले. सहभागी चार स्त्रियांपैकी हार्टेल एक होत्या. पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून त्यांनी ज्युबिलीवर रौप्यपदक जिंकले. अश्वारोहणात ऑलिंपिक पदक मिळवणारी ही पहिली स्त्री होय. सुवर्णपदक विजेते स्वीडनचे हेन्री सेंट सीर यांनी त्यांना विजयमंचावर चढण्यास हात दिला.

१९५६ ची मुख्य स्पर्धा मेलबर्न येथे होती. परंतु ऑस्ट्रेलियातील प्राणी-विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा स्टॉकहोम येथे घेण्यात आल्या. तेथे हार्टेल पुन्हा दुसऱ्या आल्या. सेंट सीर यांना ८६०, तर त्यांना ८५० गुण मिळाले.

उपचारात्मक घोडेस्वारी

घोड्याच्या चालीमुळे स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, वर-खाली व आजूबाजूला अशी लयबद्ध हालचाल मिळते. ती माणसाच्या चालण्यातील हालचालीशी मिळतीजुळती असते. त्यामुळे धडाचे स्नायू व तोल सुधारण्यास मदत होऊ शकते. ज्याला स्वतः चालता येत नाही, त्याला उंचावरून, दुसऱ्याच्या आधाराविना वावरल्याचा अनुभवही येथे मिळतो. हार्टेल यांच्या यशानंतर युरोपात अशा उपक्रमांना वेग आला. त्यांनी स्वतः घोडेस्वारीची प्रात्यक्षिके करून पोलिओग्रस्तांसाठी निधी जमवला आणि या उपचारपद्धतीचा पुरस्कार केला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतही अशीच संघटना उभी राहिली. १९९६ मध्ये अटलांटा येथील पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाजचा समावेश झाला.

वारसा

डेन्मार्कच्या क्रीडा सन्मानदालनात १९९२ मध्ये हार्टेल यांचा समावेश करण्यात आला. नेदरलँड्समध्ये त्यांच्या नावाची संस्था अपंगांच्या घोडेस्वारीसाठी स्थापन झाली. वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.