मागाच्या चाकांचं प्लास्टिक खुब्यात बसवणारा डॉक्टर

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे. रोपवे इथूनच वर जातो. बाळाच्या ओढीनं रात्री कडा उतरलेल्या हिरकणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण कडा उतरायला काळीज लागतं, तसा धड खुबाही लागतो.

काहींच्या खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ असते. आजार फार असेल तर मांडीच्या हाडाचा गोळा वाटी सोडून वर सरकतो. पाय आखूड होतो, माणूस लंगडतो आणि वय वाढेल तसं दुखणंही वाढतं. अशा खुब्यावर आज जे ऑपरेशन होतं, त्याचा पाया जॉन चार्नली यांनी घातला.

चार्नली १९११ साली इंग्लंडमधल्या बरी गावात जन्मले. माणूस हट्टी. हाड कसं जुळतं हे बघायला त्यांनी स्वतःच्या नडगीचा तुकडा काढून घेतला आणि जखम चिघळवून बसले.

पुढे त्यांच्याकडे एक पेशंट आला. त्याच्या खुब्यात प्लास्टिकचा गोळा होता आणि तो इतका करकरायचा की बायको जवळ बसेना. घर्षण कमी केल्याशिवाय खरं नाही, हे चार्नलींनी ओळखलं. त्यांनी धातूचा छोटा गोळा घेतला आणि वाटी टेफ्लॉनची केली. रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये सुमारे ३०० जणांना ती बसवली. लोक चालायला लागले.

काही वर्षांतच टेफ्लॉन झिजलं. त्याच्या भुकटीनं गाठी झाल्या, हाड पोखरलं. हे निस्तरायचं काम चार्नलींनी दुसऱ्यावर ढकललं नाही. एकेकाला परत टेबलावर घेऊन स्वतःच ऑपरेशन केलं.

१९६२ साली एक विक्रेता नवं प्लास्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाची दातेरी चाकं त्याची असत. चार्नलींनी नख रुतवून पाहिलं आणि मऊ म्हणून नाकारलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते यंत्रावर घासत ठेवलं. झीज जवळपास नव्हतीच! तरी यावेळी चार्नली आधीच पोळलेले होते. दोन्ही प्लास्टिकची भुकटी त्यांनी आपल्याच मांडीत घालून घेतली. टेफ्लॉनची गाठ वाढली, दुसरी हातालाही लागेना.

उथळ खुब्याला याचा मोठा उपयोग झाला. तिथं हाड कमी, म्हणून वाटीही छोटी लागते. चार्नलींचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा, त्यामुळे छोट्या वाटीतही प्लास्टिकचा थर जाड ठेवता येतो. १९७३ साली त्यांनी अशा खुब्यांवर स्वतंत्र लेखही लिहिला.

नंतरच्या सर्जननी पुढची वाट काढली. वाटी मूळ जागी बसवायची, छप्पर अपुरं पडलं तर काढलेल्या गोळ्याचंच हाड तिथं लावायचं. पाय एकदम खाली ओढला तर मांडीमागची मोठी नस ताणली जाते, म्हणून गरज पडल्यास मांडीच्या हाडाचा तुकडा कापून काढायचा.

१९७७ साली चार्नलींना सर हा किताब मिळाला, १९८२ साली ते गेले. मृत्यूनंतर आपला खुबा तपासायला द्यायचं त्यांच्या अनेक पेशंटनी कबूल केलं होतं. त्यावरून झीज मोजली जात होती.