घेणाऱ्यांच्या मंडळीतला देणारा

परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत असता त्यांची भक्ती फुलली. देवाकडून काही मिळवावे म्हणून त्यांनी विठ्ठलाला आळवले नाही. हातातले काम हीच त्यांची पूजा होती. भक्तीची हीच रीत पुढे एका चित्पावन ब्राह्मण कवीने ख्रिस्ती मंडळीत नेली. ते कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कवितेची गोडी त्यांना आईकडून लाभली. पण बालवयातच आई गेली आणि नारायण घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच.

टिळकांचे मन कोठेच स्थिरावत नसे. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. देशाचे भले धर्माच्या नव्या पायावरच होईल, हा ध्यास मात्र सुटला नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्त दुरावले, पत्नी आणि लहानगा मुलगा दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन सांभाळले. त्यांचे घर सर्वांना खुले असे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, याच घरात पोटच्या मुलासारखे राहिले.

मिशनमध्ये वावरताना एक गोष्ट टिळकांना सतत सलत राहिली. शाळा, दवाखाना, नोकरी, निवारा हे सारे मिशन देई आणि मंडळी घेई. दुष्काळात या मदतीने असंख्य जीव वाचले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण देणारा कायम परदेशी आणि घेणारा कायम देशी राहिला, तर श्रद्धा वाढत नाही. वाढते ते परावलंबन, हे त्यांनी ओळखले. चर्च म्हणजे सोयी पुरविणारी पेढी आणि भाविक म्हणजे तिचा गिऱ्हाईक, हे नाते त्यांना मान्य नव्हते.

यावर त्यांनी शोधलेला उपाय मराठी मातीतला होता. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानीत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली, टाळ-मृदंग उपासनेत आणले. अभंगात ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. मंडळीने केवळ ऐकावे-घ्यावे हे बदलून तिने स्वतः गावे, स्वतः सेवा करावी, अशी ही धडपड होती. ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनी आरंभिले. ते अपुरे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

अखेर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार गेला, म्हातारपणीचा आधारही गेला. संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहिले आणि तेथे 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सारे ख्रिस्तभक्त तेथे समान होते. तेथे येणाऱ्याने सेवेला सिद्ध व्हावे, एवढीच अपेक्षा होती.

दरबाराला आयुष्य फार थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. प्रवर्तकामागे दरबारही फार काळ टिकला नाही. या अपयशाची नोंद केल्यावाचून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. पगाराची हमी सोडून त्यांच्या मागे चालणारे थोडेच निघाले.

शाळेतल्या पुस्तकातून फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपल्याला भेटतात. त्यांच्यातला हा बंडखोर पाळक मात्र सहसा भेटत नाही. आज कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळी पाऊल टाकताना माणूस नकळत सोयी पाहतो: गाणे कसे, प्रवचन किती लांब, गाडी लावायला जागा आहे की नाही. आपण येथे काय देणार, हा प्रश्न मागेच राहतो. गंगाखेडच्या जनाबाईंनी तो जात्यावर बसून सोडविला. टिळकांनी हातचा पगार सोडून. महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये त्यांची भजने आजही गायिली जातात. गाणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला, तर दरबार अजून उठलेला नाही, असेच म्हणावे लागेल.