सोनोग्राफीचा जनक आणि डॉक्टरचे मौन

जुलै १९५५. स्कॉटलंडमधील रेनफ्रू येथे बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या दारात दोन मोटारी येऊन थांबल्या. त्यांच्या डिकीत शस्त्रक्रियेने स्त्रियांच्या पोटातून काढलेल्या गाठी होत्या. त्या घेऊन आले होते ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इयान डोनाल्ड. धातूच्या आतील भेग शोधण्यासाठी त्या कारखान्यात ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. त्याच यंत्राने एखाद्या गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे ओळखता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर होकारार्थी आले आणि सोनोग्राफीची वाट मोकळी झाली.

डोनाल्ड यांचा जन्म १९१० मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, डॉक्टरांच्या घरात झाला. लहानपणाचा काही काळ दक्षिण आफ्रिकेत गेला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. पेटलेल्या विमानातून जखमींना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मानही झाला. रडार आणि सोनार या तंत्रांची ओळख त्यांना तिथेच झाली. यंत्रांचे वेड मूळचेच होते. १९५४ मध्ये ग्लासगोला आल्यावर त्याला दिशा मिळाली.

टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने त्यांनी यंत्र रुग्णशय्येपर्यंत आणले. पोट फुगलेल्या एका स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. यंत्राने वेगळेच दाखवले: ती बीजांडकोशाची मोठी, पाण्याने भरलेली गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. १९५८ मध्ये या संशोधनाचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे गर्भाच्या डोक्याचे माप, वारेची जागा, जुळी बाळे हे सारे आईच्या पोटाला धक्का न लावता दिसू लागले. बाळंतपणात दगावणाऱ्या किती माता आणि बाळे यामुळे वाचली, याची गणती नाही.

हृदयाच्या झडपांच्या आजारामुळे स्वतः डोनाल्ड यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी काम थांबले नाही. धर्मश्रद्ध डोनाल्ड यांनी ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्याला उघड विरोध केला. त्यांची ती भूमिका सर्वांना पटेल असे नाही. आपल्याकडे १९७१ पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे आणि तो स्त्रीच्या आरोग्यासाठी आवश्यकही आहे. पण यंत्र काय दाखवते याबरोबरच त्या माहितीचे पुढे काय होते, हाही डॉक्टरचाच प्रश्न आहे, हे त्यांनी मानले होते. तेवढे मात्र आपण घ्यायला हवे.

१९८७ मध्ये डोनाल्ड यांचे निधन झाले. त्या सुमारास मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्री संघटना आणि काही डॉक्टर लढत होते. तेव्हाचे साधन होते गर्भजल परीक्षा. तीही मुळात गर्भातील व्यंग शोधण्यासाठीच होती. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तोवर सुई न टोचणारी, स्वस्त सोनोग्राफी गावोगाव पोहोचू लागली होती. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. २००३ पासून कायद्याची कक्षा वाढली. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात हवा त्या लिंगाचा भ्रूण निवडणे, हेही त्यात आले. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासारख्या गंभीर वैद्यकीय कारणांपुरतीच तपासणीला वाट आहे.

कायद्याने यंत्रावर बंदी घातलेली नाही, कारण ते लाखोंना वाचवते. त्याने डॉक्टरच्या तोंडावर आणि हातावर बंधन घातले आहे. शब्द, खूण, इशारा, काहीच नको. सरकारी रुग्णालयात आजही नातेवाईक हळूच विचारतात, पेढा की बर्फी? पहिल्या दोन मुली आहेत, सासरचे घरात घेणार नाहीत, असे सांगणारी सूनही भेटते. तिचे दुःख खरे असते. पण एकीला सांगितलेले उत्तर तिचा छळ थांबवत नाही. पुढच्या सुनेला मात्र तीच तपासणी करून घ्यावी लागते.

रुग्णापासून काही लपवू नये, हा वैद्यकाचा सर्वसाधारण नियम. इथे तो का मोडायचा? कारण मुलगी असणे हा आजार नाही आणि ज्याला आजार नाही त्याचे निदान नसते. डोनाल्ड यांनी कारखान्यातले यंत्र आणले ते पोटातला रोग ओळखण्यासाठी. ते त्या कामापुरतेच राहील की नाही, हे तपासणीच्या खोलीत बसलेला डॉक्टर दररोज ठरवत असतो.