सांतियागो रामोन इ काहाल
सांतियागो रामोन इ काहाल (१ मे, इ.स. १८५२ – १७ ऑक्टोबर, इ.स. १९३४) हे स्पॅनिश ऊतिशास्त्रज्ञ व आधुनिक चेताविज्ञानाच्या प्रवर्तकांपैकी एक होते. मेंदू सुट्या चेतापेशींचा बनलेला असतो, हे मत त्यांनी सूक्ष्मदर्शक आणि रेखाटन यांच्या साहाय्याने मांडले.

जीवन
काहाल यांचा जन्म स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यचिकित्सक असलेल्या वडिलांना मात्र हा नाद निरुपयोगी वाटे. त्यांनी मुलाला काही काळ केशकर्तनकाराकडे व जोडे बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीसाठी ठेवले. इ.स. १८६८ मध्ये वडिलांनीच शरीररचना शिकवण्यासाठी दफनभूमीतील हाडे त्यांच्यासमोर मांडली. मुलाने ती रेखाटली, आणि ज्या चित्रकलेला मनाई होती तिचेच वडिलांना कौतुक वाटू लागले. इ.स. १८७३ मध्ये काहाल सारागोसा येथून वैद्यकीय पदवीधर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून ते क्यूबात गेले व हिवतापाने खंगून परतले. पुढे त्यांनी वालेन्सिया, बार्सेलोना व माद्रिद येथे अध्यापन केले.

संशोधन आणि रेखाटने
इ.स. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो यांच्याकडे त्यांनी कामिल्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांमुळे मोजक्याच पेशी काळ्या होतात, परंतु त्यांच्या बारीक फांद्याही दिसतात. सर्वच पेशी रंगल्या असत्या, तर काळ्या गुंत्यापलीकडे काही दिसले नसते. काहाल यांनी भ्रूण व लहान पिल्लांच्या ऊती निवडल्या, कारण त्यांतील बहुतेक तंतूंवर मायलिनचे आवरण अद्याप चढलेले नसते.

एका कापात संपूर्ण पेशी क्वचितच सापडते. त्यामुळे अनेक काप न्याहाळून, पुष्कळदा स्मरणातून, ते एकच चित्र तयार करीत. संदेशवहनाची दिशा ते बाणांनी दाखवत. अशी चित्रे हुबेहूब नक्कल नसून चित्रकाराचा निष्कर्ष असत, आणि धोकाही तिथेच होता. त्याच पद्धतीचे काप पाहून गॉल्जी यांना चेतासंस्था हे अखंड जाळे वाटत होते. म्हणून इ.स. १८८९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत काहाल यांनी आपले काप तज्ज्ञांना प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. आल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ ऊतिशास्त्रज्ञाला त्यांचे म्हणणे पटले.

इ.स. १९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक काहाल व गॉल्जी यांना विभागून मिळाले. गॉल्जी यांनी नोबेल व्याख्यानातही जाळ्याचाच पक्ष घेतला. दोन चेतापेशींमधील फट इ.स. १९५० च्या दशकात, म्हणजे दोघांच्याही मृत्यूनंतर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली. काहाल यांची रेखाटने समाविष्ट असलेल्या संग्रहाची नोंद युनेस्कोने इ.स. २०१७ मध्ये जागतिक स्मृती नोंदवहीत केली.